व्यवसाय : कादंबरीकार

बँकेच्या, पासपोर्टच्या किंवा मुलांच्या शाळाप्रवेशाच्या अर्जात 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. त्यात 'कादंबरीकार' असं लिहिणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. पाच कादंबऱ्या नावावर असलेला लेखकही तिथे नोकरी, शेती, गृहिणी किंवा सेवानिवृत्त असं लिहितो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. अर्जात कवीही स्वतःला कवी म्हणवत नाही, हे खरं. पण चारचौघांत तो कवी असतोच. गणेशोत्सवातल्या कविसंमेलनात एक कविता वाचली की सूत्रसंचालक त्याला 'सुप्रसिद्ध' करून टाकतो. कादंबरी लिहिणाऱ्याला असा उदार सूत्रसंचालक मिळत नाही. अडीचशे पानं वाचून दाखवायला व्यासपीठ नसतं आणि बाड अपुरं असेल तर दाखवायलाही काही नसतं. मग काय करता म्हणून कोणी विचारलं की तो म्हणतो, थोडंफार लिहितो.

या पुस्तकाचा विषय हे 'थोडंफार' आहे. मराठीतल्या काही लेखकांनी आपली पहिली कादंबरी कोणत्या परिस्थितीत लिहिली, तेव्हा पोटापाण्यासाठी ते काय करत होते, पुस्तकावर त्यांनी कोणतं नाव घातलं आणि लोकांनी त्यांना काय म्हणून ओळखलं, याचा विचार पुढच्या प्रकरणांत आहे. लेखनाची तंत्रं, पात्ररचना, कथानकाची बांधणी यांवरचं पुस्तक हवं असलेल्या वाचकाची इथे निराशा होईल. हे आधीच सांगितलेलं बरं.

आत्मविश्वास आधी येतो आणि कादंबरी मागून, असा एक समज आहे. कार्यशाळांमधून तो शिकवलाही जातो : आरशासमोर उभं राहा, 'मी कादंबरीकार आहे' असं म्हणा, मग लेखणी धावेल. मराठी कादंबरीच्या इतिहासात मला असं घडल्याचा पुरावा सापडत नाही. दुसरा समज याच्या उलट आहे. पुस्तक निघालं, पुरस्कार मिळाला, की 'कादंबरीकार' म्हणवण्याचा अधिकार आपोआप मिळतो, असं तो समज सांगतो. याही म्हणण्याला इतिहास फारशी साथ देत नाही. पुरस्कार मिळूनही हे बिरुद न मिळालेले लेखक आपल्याकडे आहेत, आणि एकाच कादंबरीवर ते मिळवलेलेही आहेत. माझं म्हणणं असं की हा शब्द समाजापुढे मिरवण्यासाठी लागतच नाही. तो लागतो घरात, वेळ मागण्यासाठी. कविता ऑफिसला जाता-येता सुचते, कथा चार रविवारांत होते, पण कादंबरी वर्ष-दोन वर्षं रोजचे तास मागते. ते तास कोणाच्या तरी वाट्यातून काढून घ्यावे लागतात. 'मी कादंबरी लिहितो आहे' हे वाक्य मुळात नवऱ्याला, बायकोला, सासूला, मुलांना, वरिष्ठांना उद्देशून असतं. ज्याला ते घरात म्हणता येत नाही, त्याने बाहेर कितीही म्हटलं तरी बाड पुढे सरकत नाही.

हे म्हणणं कितपत टिकतं ते पाहण्यासाठी सुरुवात हरिभाऊ आपट्यांपासून करावी लागते. 1857 मधली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. त्यानंतर 'मुक्तामाला' आली, 'मोचनगड' आली. पण कादंबरी लिहिणं हे ज्याच्या आयुष्याचं मुख्य काम झालं, असा पहिला माणूस म्हणजे हरी नारायण आपटे. 1864 चा जन्म. पदवी पदरात न पाडता कॉलेज सुटलेलं. विशीच्या उंबरठ्यावर, 1885 मध्ये, 'मधली स्थिती' साप्ताहिकातून छापून येऊ लागली. पुढे चुलत्यांनी स्थापन केलेल्या पुण्यातल्या आनंदाश्रमाचं व्यवस्थापन त्यांच्याकडे आलं. ही संस्था संस्कृत ग्रंथ छापणारी. म्हणजे दिवसभर पोथ्या, पाठभेद, शास्त्री आणि मुद्रितं यांच्या सहवासात असलेला हा माणूस उरलेल्या वेळात पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांची दुःखं लिहीत होता.

आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना हरिभाऊंनी 'आजकालच्या गोष्टी' म्हटलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या साहित्यप्रकाराचा दावा न करता त्यांनी शेजारणीने सांगावी तशी गोष्ट सांगायचं ठरवलं, आणि त्या साध्या नावाच्या आडोशाने 'पण लक्षात कोण घेतो'सारखं पुस्तक लिहिलं. ते एका स्त्रीच्या तोंडून, प्रथमपुरुषी एकवचनात सांगितलेलं आहे. स्वतःच्या नावापुढे 'कादंबरीकार' लावायला संकोचणारा माणूस यमूच्या आवाजात शेकडो पानं बोलू शकला, यात मला विसंगती दिसत नाही. उलट, कादंबरीकाराचा धीटपणा बहुधा असाच असतो. स्वतःविषयी दोन वाक्यं बोलताना तो अडखळतो आणि दुसऱ्याच्या वतीने दिवसचे दिवस बोलतो.

पण हरिभाऊंना खरा धीर दिला तो साप्ताहिकाने. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच हप्त्याहप्त्याने आली. साप्ताहिकाचा एक मोठा गुण असा की ते लेखकाला 'तू कोण' असं विचारत नाही, 'मजकूर कुठे आहे' एवढंच विचारतं. पुढच्या अंकाचा दिवस ठरलेला असतो. आपण या योग्यतेचे आहोत का, आपल्याला हे जमतंय का, या प्रश्नांना तिथे जागाच नसते. पुढचं प्रकरण लिहायचं, की छापायला टाकायचं, की त्याच्या पुढचं लिहायचं. अशा रीतीने त्यांनी सत्तावीस वर्षं 'करमणूक' चालवलं. त्याचा तोटाही झाला : हप्त्यांच्या ओघात कादंबऱ्या पसरल्या, काही तर अपुऱ्याच राहिल्या. 'कर्मयोग' हे त्याचं ठळक उदाहरण. अपुऱ्या कादंबऱ्या मागे ठेवून गेलेल्या माणसाला मराठी कादंबरीचा जनक म्हणायला आपण कचरत नाही. आज पहिलं बाड घेऊन बसलेला माणूस मात्र शेवटचं प्रकरण जमत नाही म्हणून स्वतःला लेखकच समजत नाही. 1912 मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद हरिभाऊंकडे आलं, तोवर 'गोष्टी' लिहिणारा हा गृहस्थ पंचवीसहून अधिक वर्षं लिहीत होता.

हरिभाऊंना वेळ मिळाला, कारण ते पुरुष होते. हे वाक्य कोणाला भडक वाटेल, पण त्यांच्याच स्नेहवर्तुळातल्या काशीबाई कानिटकरांकडे पाहिलं की दुसरं काही म्हणता येत नाही. काशीबाई हरिभाऊंपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, मोठ्या कुटुंबात, बाईने पुस्तक हातात घेणं हाच चेष्टेचा विषय असण्याच्या काळात. नवरा गोविंदराव सुधारकी विचारांचा, स्वतः कविता लिहिणारा. पण नवरा अनुकूल असणं आणि घर अनुकूल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काशीबाई आणि हरिभाऊ एकमेकांचं लेखन वाचत, त्यावर बोलत. तरी हरिभाऊंच्या कादंबऱ्यांची रांग लागली आणि काशीबाईंची 'रंगराव' आधी मासिकातून थोडी थोडी येऊन 1903 मध्ये पुस्तक झाली. दुसरी, 'पालखीचा गोंडा', 1928 मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत प्रतिभा आटली होती असं म्हणणाऱ्या समीक्षकाने एकदा त्या काळातल्या सुनेचा दिवस पहाटेपासून मांडून पाहावा. मैत्री तीच, काळ तोच, गाव तेच. फरक पडतो तो तासांमध्ये.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ना. सी. फडके आले आणि संकोच हा प्रश्नच उरला नाही. प्राध्यापकी करता करता त्यांनी सत्तरहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या कशा लिहायच्या हे सांगणारं 'प्रतिभासाधन' 1931 मध्ये लिहिलं. फडक्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे आणि मीही पुढे एका प्रकरणात ठेवलीच आहेत. पण एक श्रेय त्यांना द्यायला हवं : कादंबरी लिहिणं हे शिकता येण्याजोगं, नियमितपणे करता येण्याजोगं काम आहे, हे मराठीत ठामपणे म्हणणारे ते पहिले. त्यांनी केलेलं नुकसान वेगळंच. त्यांच्या यशामुळे कादंबरी म्हणजे विशिष्ट घाट, विशिष्ट गुंतागुंत, विशिष्ट वर्गातली माणसं, असं एक माप ठरून गेलं, आणि ज्याच्या आयुष्यात टेनिस नव्हतं त्याला आपल्याकडे कादंबरीचा ऐवज नाही असं वाटू लागलं. माझ्या वाचनात आलेल्या कितीतरी बाडांच्या सोबतच्या पत्रांत अजूनही हाच सूर असतो. कथानक फारसं नाही, पात्रं साधीच आहेत, कादंबरी म्हणावी की नाही कळत नाही, वगैरे. माप फडक्यांचं आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊकही नसतं. त्याने फडके वाचलेलेही नसतात.

शतकाच्या चौथ्या दशकात एक पुस्तक निघालं, ज्यावर लेखिकेचं खरं नाव नव्हतं. 'कळ्यांचे निःश्वास', 1933, विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींची घुसमट त्या कथांमध्ये होती. महाराष्ट्रात खळबळ माजली. निषेध झाले. हे लिहिणारी बाई आहे की बाईच्या नावाआड लपलेला पुरुष, यावर वाद झाले. पाठोपाठ 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, शिक्षिका, शिरूर हे त्यांचं मूळ गाव. टोपणनावाला आपण सहसा भित्रेपणा समजतो. बाळूताईंच्या बाबतीत ते लागू होत नाही. शिक्षिकेची नोकरी होती, वडीलधारी माणसं होती, आणि लिहिलेल्या प्रत्येक ओळीकडे लेखिकेचं चरित्र म्हणून पाहणारा वाचकवर्ग होता. खऱ्या नावाने लिहिलं असतं तर पुस्तकाऐवजी लेखिकेवरच खटला चालला असता. टोपणनावाने त्यांना स्वतःला कादंबरीकार म्हणवायची गरजच उरली नाही. तो भार विभावरीने उचलला आणि बाळूताई शाळेत जात राहिल्या.

1938 मध्ये त्यांचं विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. नाव आलं, तरी विभावरी राहिलीच. सोलापूरला तेव्हाच्या सरकारी भाषेत 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत त्यांनी काम केलं होतं. त्या अनुभवातून 'बळी' आली, 1950 मध्ये, आणि तीही विभावरी शिरूरकर याच नावाने. एव्हाना लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेखिका कोण हे लोकांना कळलेलं होतं. मग जुनं नाव का ठेवलं? मला वाटतं, आडोसा म्हणून घेतलेलं नाव तोवर कामाचं नाव झालं होतं. संसाराची बाई एक, लिहिणारी एक. दोघींचे तास वेगळे.

त्याच घरातल्या दुसऱ्या लेखकाची गत निराळी. विश्राम बेडेकर चित्रपट दिग्दर्शक, नाटककार. 1939 मध्ये ह. वि. मोटे यांनी त्यांची 'रणांगण' प्रकाशित केली. मोटे हेच विभावरींचेही प्रकाशक. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी, हॅर्टा आणि चक्रधर विध्वंस यांचं काही दिवसांचं प्रेम, एवढाच ऐवज. महायुद्ध तोंडावर असताना लिहिलेली आणि आजही शिळी न झालेली ही कादंबरी. बेडेकरांनी नंतर नाटकं लिहिली, चित्रपट केले, 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसरी कादंबरी मात्र लिहिली नाही. मग ते कादंबरीकार की नाही? मराठी कादंबरीचा कोणताही इतिहास 'रणांगण'ला वगळून लिहिता येत नाही, आणि बेडेकरांच्या कोणत्याही परिचयात 'कादंबरीकार' हा शब्द दिग्दर्शक व नाटककार यांच्या मागूनच येतो. त्यांना स्वतःला याचं काही वाटत असेल असं दिसत नाही. एका छपराखाली दोन लेखक. एकीला लिहिण्यासाठी आयुष्यभर वेगळं नाव सांभाळावं लागलं आणि दुसऱ्याने एक थोर कादंबरी लिहून तो विषयच सोडून दिला. या दोघांवरचं प्रकरण पुस्तकात सर्वांत मोठं झालं आहे आणि ते कमी करायचं माझ्या जिवावर आलं.

श्री. ना. पेंडसे मात्र कादंबरीचे नोकर होते, आणि मुंबईच्या 'बेस्ट'चेही. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा मुंबईत आला, 'बेस्ट'मध्ये लागला आणि नोकरीची सारी वर्षं तिथेच राहिला. पुढे त्यांनी 'बेस्ट'चा इतिहासही लिहिला. 1941 मध्ये 'खडकावरील हिरवळ' हे व्यक्तिचित्रांचं पुस्तक निघालं. पहिली कादंबरी 'एल्गार' 1949 मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. त्यानंतर मात्र 'हद्दपार', 'गारंबीचा बापू', 'हत्या', 'यशोदा', 'रथचक्र'. दर दोन-तीन वर्षांनी एक, आणि बहुतेक वेळा तोच हर्णै-दापोलीचा मुलूख. बसगाड्यांच्या शहरात बसून समुद्रकाठच्या माडांखालची माणसं लिहायची, हे काम प्रेरणेच्या भरवशावर होत नाही. 'लव्हाळी'मध्ये त्यांनी मुंबईतल्या एका कारकुनाची रोजनिशी लिहिली, ती वाचताना जाणवतं की ऑफिसात घालवलेले तास या माणसाने फुकट घालवलेले नाहीत. 'तुंबाडचे खोत' हा दोन खंडांचा पसारा 1987 मध्ये आला, तेव्हा पेंडसे पंच्याहत्तरीला टेकले होते.

नोकरी सोडली की मी खरा लेखक होईन, असं म्हणणारे तरुण मला नेहमी भेटतात. त्यांना मी पेंडशांचं प्रकरण आधी वाचायला सांगणार आहे. मराठीत कादंबरीवर घर चालत नाही. हजार प्रतींची आवृत्ती हे आपल्याकडे बराच काळ रीतसर माप होतं, हल्ली तर त्याहूनही कमी प्रती काढतात. त्यावरच्या मानधनात एका माणसाचं वर्ष निघत नाही. तेव्हा नोकरी हा लेखकपणाचा पराभव समजण्यात अर्थ नाही. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते, शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक होते, श्याम मनोहर आणि रंगनाथ पठारे भौतिकशास्त्र शिकवत होते. या सगळ्यांनी तो वेळ आणला कुठून, हा मला प्रतिभेच्या प्रश्नाइतकाच गंभीर प्रश्न वाटतो. आणि त्याचं उत्तर बहुतेक घरी, स्वयंपाकघराच्या दिशेला सापडतं, हे लेखकांच्या पत्नींनी लिहिलेल्या आठवणी वाचल्या की कळतं. लेखिकांच्या पतींनी लिहिलेल्या तशा आठवणी मात्र मला फार थोड्या मिळाल्या.

इथवरचे बहुतेक लेखक स्वतःला काय म्हणवायचं या पेचात होते. अण्णा भाऊ साठ्यांचा पेच वेगळा. त्यांच्या बाबतीत अडखळले ते इतर लोक. वाटेगावात मांग कुटुंबात जन्मलेला, शाळेत जेमतेम पाऊल ठेवलेला, मुंबईत गिरणीत आणि मिळेल तिथे मजुरी केलेला हा माणूस लाल बावटा कलापथकाचा शाहीर म्हणून आधी गाजला. मग त्याने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' 1959 ची. ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. त्या गावोगावच्या वाचनालयांत हातोहात फिरल्या, पानं सुटेपर्यंत वाचल्या गेल्या. एवढं सगळं असूनही त्यांच्या नावाआधी आजही 'लोकशाहीर' हाच शब्द येतो. रस्त्यांच्या पाट्या पाहा, पुतळ्यांखालच्या कोनशिला पाहा. शाहिरी ही मोठीच गोष्ट आहे, तिचा मान कमी करण्याचा प्रश्न नाही. पण तीस कादंबऱ्या लिहिलेल्या सवर्ण लेखकाने तरुणपणी पोवाडे रचले असते, तर आपण त्याला शाहीर म्हटलं असतं का? अण्णा भाऊंच्या लेखनात मला संकोचाचा मागमूस दिसत नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या खोलीत ते लिहीत राहिले. ही गोष्ट सांगितल्याशिवाय आत्मविश्वासाचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं होईल, कारण आत्मविश्वास पुरेपूर असलेल्या माणसालाही हा शब्द नाकारता येतो.

हा नकार आणखी एका वाटेने येतो. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 मध्ये आली, लेखक पंचविशीचा. खानदेशातल्या सांगवीचा मुलगा पुण्यात शिकायला जातो, नापास होऊन परततो, आणि प्रथमपुरुषात आपली हकिकत सांगतो. लेखकाचं गावही सांगवी. तरी ती कादंबरीच, याबद्दल कोणाला शंका नव्हती. ती आवडली नाही त्यांनाही नव्हती. 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं. त्यात दगडू मारुती पवार दया पवारांना भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग एकमेकांसमोर बसवण्याची ही युक्ती निखळ कादंबरीकाराची आहे. पण आपण 'बलुतं'ला आत्मकथन म्हणून मोकळे झालो आणि त्यातली कारागिरी पाहायचं राहून गेलं. अनुभव जितका दाहक, तितकं लेखकाला रचनाकार मानणं आपल्याला जड जातं. वस्तीतून, वाडीतून, पालांमधून आलेल्या आजच्या लेखकांना मी आग्रहाने सांगेन की आपण काय लिहिलं आहे ते स्वतःच ठरवा आणि मुखपृष्ठावर छापा. प्रकाशकावर सोडलंत तर 'आत्मकथन' छापून येईल. ते खपतं.

'कोसला'ने आणखी एक काम केलं, ते म्हणजे फडक्यांचं माप मोडलं. कथानक नसलं तरी चालतं, नायक हरला तरी चालतं, भाषा घरची असली तरी चालते, हे एकदा छापून आल्यावर कितीतरी वह्या उघडल्या गेल्या. पुढच्या दोन पिढ्यांतल्या ग्रामीण, निमशहरी लेखकांचा धीर या एका पुस्तकापाशी कुठे ना कुठे जाऊन पोचतो. वाईट अनुकरणंही ढिगाने झाली. पण ते चालायचंच.

किरण नगरकरांविषयीचं प्रकरण छोटं आहे. 'सात सक्कं त्रेचाळीस' 1974 मध्ये मराठीत आली आणि पुढची कादंबरी, 'रावण अँड एडी', 1995 मध्ये इंग्रजीत. मध्ये एकवीस वर्षं. त्या काळात नाटकं, जाहिरात क्षेत्रातलं काम. या एकवीस वर्षांत नगरकर कादंबरीकार होते का, हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. काशीबाईंची पंचवीस वर्षं आणि ही एकवीस वर्षं शेजारी ठेवली की प्रश्नच चुकीचा वाटू लागतो. न लिहिण्याच्या काळात कोणीच काही नसतं. लिहायला बसल्यावर पुन्हा असतं.

आता आजच्या परिस्थितीविषयी थोडं, कारण हे पुस्तक मुख्यतः आज लिहिणाऱ्यांसाठी आहे. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापणारे सगळीकडे झाले आहेत. तीनशे प्रती, रंगीत मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभ, शाल-श्रीफळ आणि निमंत्रणपत्रिकेवर 'प्रथितयश कादंबरीकार' असा एकत्रित दर असतो. त्यामुळे शब्द स्वस्त झाला अशी तक्रार ऐकू येते. मला त्या तक्रारीत फारसा रस नाही. शब्द महाग होता तेव्हा तो काशीबाईंना आणि अण्णा भाऊंना परवडला नव्हता, हेही ध्यानात ठेवावं. चिंता वाटते ती वेगळ्या कारणाने. समारंभाची तयारी करायला माणसं वेळ काढतात, घरही कौतुकाने साथ देतं, कारण समारंभ दिसतो. दुसऱ्या खर्ड्यासाठी रोज सकाळचे दोन तास मागायची वेळ आली की मात्र जीभ अडते. 'आता झालं ना पुस्तक?' असं घरचे विचारतात आणि त्यावर उत्तर नसतं. हरिभाऊंना पुढच्या अंकाचं बोलावणं होतं, पेंडशांना गारंबीचं होतं. आज दिवाळी अंक थोड्या प्रमाणात ते काम करतात. माडगूळकरांची 'बनगरवाडी' आधी 'मौज'च्या दिवाळी अंकात आली होती, हे विसरू नये. संपादकाने अमुक तारखेला मजकूर हवा असं सांगितलं की घरात ते वाक्य उच्चारणं सोपं जातं. संपादकाचं पत्र नसेल, तर स्वतःच कुणाला तरी तारीख देऊन टाकावी. एखाद्या मित्राला, दर महिन्याला एक प्रकरण. तेवढ्यानेही भागतं, असं मी काही जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

लेखकांच्या निवडीबद्दल आक्षेप येतील, ते मान्य आहेत. गौरी देशपांडे, कमल देसाई, उद्धव शेळके, भाऊ पाध्ये यांना स्वतंत्र प्रकरणं हवी होती. त्यातही 'धग'सारखं पुस्तक लिहिणाऱ्या शेळक्यांना वगळताना फार जड गेलं. हयात लेखकांवर मुद्दाम प्रकरणं घेतलेली नाहीत, नेमाड्यांचा अपवाद सोडून. पहिल्या कादंबरीविषयी लेखक स्वतः जे सांगतो ते काळानुसार बदलत जातं, आणि हयात लेखकाशी त्याच्याच आठवणींवरून वाद घालण्याची माझी तयारी नव्हती.

जी. ए. कुलकर्णी का नाहीत, असं हस्तलिखित वाचणाऱ्या एका मित्राने विचारलं. कारण उघड आहे. त्यांनी कादंबरी लिहिली नाही. कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या एकामागून एक मराठीत आणल्या, कादंबरी म्हणजे काय हे मराठीतल्या फार थोड्या लोकांना त्यांच्याइतकं कळत असेल, कथाही त्यांनी इतक्या लांब लिहिल्या की दुसऱ्या कोणी त्यांवर कादंबरी म्हणून शिक्का मारला असता. जीएंनी तो मारला नाही. त्यांच्या कथासंग्रहांवर 'कथा' असंच छापलेलं आहे.